कॅटचं स्पेलिंग के-ए-टी लिहिलं म्हणून पोराला रागावू नका

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो, मुलगा दुसरीत आहे, इंग्लिश मीडियमला. दर शनिवारी शाळेत दहा शब्दांची डिक्टेशन असते आणि हा १० पैकी ३ नाहीतर ४ घेऊन येतो. मागच्या शनिवारची वही समोर ठेवूनच लिहितेय. कॅटचं स्पेलिंग के-ए-टी, बॅकचं बी-ए-के, घंटा म्हणजे बेल तिचं बी-ई-एल, केकचं के-ए-के, आणि ओलं म्हणजे वेट त्याचं चक्क वाय-ई-टी. शाळेत फोनिक्स, म्हणजे अक्षरांच्या आवाजावरनं वाचायला-लिहायला, शिकवतात म्हणे, पण घरी काय करून घ्यायचं ते कुणी सांगत नाही. मी स्वतः मराठी मीडियमची, इंग्रजी पाचवीपासून शिकले, ए फॉर ॲपलच्या पुढं माझं घोडं जात नाही. सासूबाई म्हणतात दहा-दहा वेळा लिहून घे, आपोआप पाठ होतंय. तेही केलं, पोरगं रडतं आणि सोमवारी सगळं विसरलेलं असतं. क्लास लावू का? – एक आई, राजारामपुरी

उत्तर : क्लास लावायच्या आधी ती वही परत एकदा उघडा आणि यावेळी लाल फुल्या बघू नका, त्यानं काय लिहिलंय ते बघा. मी तुमचं पत्र तीनदा वाचलं आणि मला खरंच आनंद झाला, कारण तुमच्या मुलाचा कान एकदम तयार आहे. कॅट ऐकल्यावर क्, ॲ, ट् हे तीन आवाज त्याला सुटे ऐकू आले, तीनही आवाजांना त्यानं अक्षर दिलं, ते पण ओळीनं. ज्याला काहीच कळत नाही ते पोरगं टी-एक्स-ओ असलं काहीतरी लिहितं किंवा कोरं सोडतं. तुमच्या मुलाला आवाज कळलाय, कुठल्या जागी कुठलं अक्षर बसतं ते नियम अजून कुणी सांगितले नाहीत, बास. ते पाच शब्द म्हणजे पाच नियम आहेत, ते तुम्ही घरी शिकवू शकता आणि त्यासाठी तुमचं इंग्रजी नाही, मराठी लागणार आहे.

पहिल्यांदा वाय-ई-टी घेऊ, कारण ती चूक बघून घरातले सगळ्यात जास्त हसतात आणि खरं तर तीच सगळ्यात हुशार चूक आहे. त्याला व् आवाज ऐकू आला, मग त्यानं मनातल्या मनात एबीसीडी म्हटली आणि व-नं सुरू होणारं अक्षर शोधलं. सापडलं, 'वाय'! डब्ल्यूच्या नावात सुरुवातीला ड आहे, मग त्या बिचाऱ्यानं तिकडं कशाला जावं? एचचं पण तसंच, नावात च आहे आणि आवाज ह्. म्हणजे घोळ अक्षरांच्या नावाचा आहे. म्हणून घरात काही दिवस अक्षराचं नाव बाजूला ठेवा आणि फक्त आवाज म्हणा, आणि तो आवाज पाय मोडलेला पाहिजे. क नाही, क्. ट नाही, ट्. आपल्याकडं खूप जण क-ॲ-ट म्हणून शिकवतात, मग पोराला त्यात कअ आणि टअ ऐकू येतं आणि शब्द जोडला जात नाही. इंग्रज आईला हे समजवायला फार कष्ट पडतात, आपल्याला तर लिहूनच दाखवता येतं, पाय मोडला की झालं.

आता एक खेळ. मूठभर चिंचोके घ्या. तुम्ही शब्द म्हणायचा, त्यानं जेवढे आवाज ऐकू येतील तेवढे चिंचोके पुढं सरकवायचे. कॅट, तीन चिंचोके. शिप, श् इ प्, तीन. पण लिहिताना शिपला अक्षरं चार, एस-एच-आय-पी, कारण एस आणि एच दोघं मिळून एकच आवाज काढतात. डक, तीन चिंचोके, अक्षरं चार. बॉक्स उलटा, चिंचोके चार आणि अक्षरं तीन, कारण एकटा एक्स क् आणि स् दोन्ही म्हणतो. हे एकदा हाताला कळलं की आवाज वेगळा आणि अक्षर वेगळं हे डोक्यात पक्कं बसतं, आणि स्पेलिंगचा पाया तोच आहे. इंग्रजीत अक्षरं २६ आणि आवाज साधारण ४४, कोण कुठं राहतो त्याप्रमाणं एखाद-दुसरा कमीजास्त, मग अक्षरांना जोडीनं काम करावंच लागतं.

आता के-ए-टी. सुरुवातीला क् आवाज आला की सी लिहायचा का के, हा प्रश्न प्रत्येक मुलाला पडतो आणि याचं उत्तर आपल्या चिंचेत आहे. खरंच सांगते. मुलाला सावकाश 'चिंच' म्हणायला लावा. पहिला च चिमणीतला आहे, जीभ टाळूला लागते, आणि शेवटचा च चमच्यातला आहे, जीभ दातापाशी येते. अक्षर एकच, आवाज दोन. आणि 'चमचा'चं 'चमचे' करा, शेवटचा च लगेच बदलला, कारण पुढं ए आला! मराठीत च-च्या पुढं इ किंवा ए आला की तो दातातला राहतच नाही, टाळूकडं जातो. इंग्रजी सीचं अगदी असंच आहे. सीच्या पुढं ई, आय किंवा वाय आला की तो मऊ होतो आणि स् म्हणतो, सिटी, सेंट, सायकल. पुढं ए फॉर ॲपलचा ए, ओ, यू आला की कडक क्, कॅट, कॉट, कप. मग किट, किंग, केटल लिहायचे तर सी चालेल का? नाही, तो स् म्हणून बसेल, सिट होईल. म्हणून तिथं के बोलवायचा. मुलाला एवढंच सांगा, आधी सीला विचार, पुढं ई-आय-वाय असेल तर तो क् म्हणायला नकार देतो, मग केकडं जा. सायकल हा शब्द तर मला फार आवडतो, त्यात दोन सी आहेत, पहिल्याच्या पुढं वाय म्हणून स् आणि दुसऱ्याच्या पुढं एल म्हणून क्. सर्कस पण तसाच. म्हणजे त्या इंग्रजीतल्या चिंचाच. कांगारूसारखे बाहेरच्या भाषेतनं आलेले शब्द हा नियम पाळत नाहीत, ते आले की आले, त्यासाठी आधीपासून घाबरवू नका.

बॅकला शेवटी सी-के का? शब्द एका दमाचा असेल, शेवटी क् असेल आणि त्याच्या लगेच आधी एकटा छोटा स्वर असेल तर सी-के. छोटे स्वर पाच, आणि ते पण बाराखडीसारखेच म्हणून घ्या : बॅग, बेग, बिग, बॉग, बग. मग बॅक, नेक, सिक, लॉक, डक, सगळ्यांना सी-के. पण मिल्कमध्ये क् च्या आधी ल् आहे, डेस्कमध्ये स् आहे, वीकमध्ये स्वर लांब आहे, बुकमध्ये डबल ओ आहे, तिथं नुसता के. मोठ्या शब्दात, पिकनिक, म्युझिक, मॅजिक, तिथं शेवटी नुसता सी. ट्रेकला मात्र नुसता के आहे, पन्हाळा ते पावनखिंड जातात तो ट्रेक, कारण तो शब्द दक्षिण आफ्रिकेतल्या आफ्रिकान्स भाषेतनं इंग्रजीत आलाय. तुमचा मुलगा कधी विचारेल तर सांगा, पोरांना असल्या गोष्टी जाम लक्षात राहतात.

बेल. छोट्या शब्दात छोट्या स्वरानंतर शेवटी फ्, ल्, स् किंवा झ् आला तर अक्षर डबल. पफ, बेल, हिल, डॉल, ड्रेस, मिस, बझ. इथं पोरगं लगेच म्हणणार, मग बसला एकच एस कसा? आपण रोज केएमटीच्या बसनं जातो की! त्याला सांगा बस हा पूर्ण शब्दच नाही, तो ऑम्निबस या शब्दाची शेपटी आहे, लॅटिनमध्ये त्याचा अर्थ सगळ्यांसाठी. शेपटी तोडून घेतली तेव्हा एकच एस हातात आला. गॅस, यस, इफ, अस हे पण नियमाबाहेरचे, चारपाच आहेत, एका कागदावर लिहून फ्रिजला लावा.

आणि केक. के-ए-के लिहिलं ते वाचलं तर 'कॅक' होतं. इथं शेवटी एक मुका ई येतो, स्वतः काही बोलत नाही पण आतल्या स्वराला लांब करतो. कॅपचं केप, पिनचं पाइन, हॉपचं होप, कटचं क्यूट. हे शिकवताना मी पट्टीसारखा कागद घेते, त्यावर कॅप लिहायचं आणि ई वेगळ्या तुकड्यावर, तुकडा लावला की केप, काढला की कॅप. पोरं अर्धा तास तेच करत बसतात. मागनं काहीतरी येऊन चिकटलं की आतला स्वर बदलतो हे आपल्याला नवीन नाहीच, फूल दीर्घ आणि फुलाला म्हटलं की ऱ्हस्व, तूप आणि तुपात तसंच. केकमध्ये आधी सी कारण पुढं ए, मग के, मग मुका ई, झालं सी-ए-के-ई. हॅव, गिव्ह, लव्ह यात शेवटी ई आहे पण स्वर छोटाच राहतो, तिथं त्या ईचं काम वेगळं आहे, इंग्रजी शब्द व्हीवर संपवत नाहीत म्हणून तो नुसता पाठीशी उभा असतो.

हे सगळं एका आठवड्यात कोंबू नका, हात जोडून सांगते. एक नियम, दोन आठवडे, रोज दहा मिनिटं. नियम तोंडपाठ करून घेऊ नका, आधी त्या नियमाचे सातआठ शब्द समोर मांडा आणि विचारा, काय सारखं दिसतंय? त्यानं स्वतः शोधलं तर ते त्याचं होतं. मग तुम्ही दोन वाक्यं सांगायची, त्यानं लिहायची, त्यात शिकवलेले शब्दच असावेत. चुकलं तर फुली न मारता म्हणायचं, आवाज बरोबर ऐकलास, आता इथं क् साठी कोण येतं? संध्याकाळी महाद्वार रोडला गेलात तर पाट्यांवर सी-के शोधायला लावा. दहा-दहा वेळा लिहिण्याबद्दल सासूबाईंशी भांडू नका, त्यांच्या वेळी तेच होतं आणि काही शब्दांना ते लागतंच (पुढच्या उत्तरात बघा). पण के-ए-टी दहा वेळा पुसून सी-ए-टी दहा वेळा लिहिलं तर त्याला फक्त कॅट येतो, आणि नियम कळला तर कॅन, कॅप, कॉट, कट, कप सगळे येतात. क्लासचे पैसे सध्या वाचवा.

प्रश्न : आम्ही शब्दार्थ, स्पेलिंग पाठ करून शिकलो, नोकरी केली, इंग्रजीत पत्रव्यवहार केला. आता नातीला पहिलीपासून इंग्रजी आणि वर हे फोनिक्स. ही नुसती नवी फॅशन आहे का? आणि इंग्रजीत नियम आहेत तरी कुठं, सगळे अपवादच! – एक आजोबा, गडहिंग्लज

उत्तर : काका, तुमचं पाठांतर वाया गेलं असं मी कधीच म्हणणार नाही. पण तुमच्या वेळी इंग्रजी पाचवीला आलं, तोपर्यंत मराठी वाचणं-लिहिणं पक्कं झालेलं, वय दहा. आपल्या राज्यात २००० सालापासून इंग्रजी पहिलीला आलं, तिथं सहा वर्षाचं पोर आहे, त्याला अक्षर आणि आवाज एकदमच शिकायचेत. त्याच २००० साली अमेरिकेत नॅशनल रीडिंग पॅनेलनं वाचन शिकवण्यावरचा अभ्यास तपासून अहवाल दिला की फोनिक्स क्रमानं आणि नीट शिकवलं तर मुलांना वाचायला आणि लहान वयात स्पेलिंगला फायदा होतो. इंग्लंडमध्ये २०१२ पासून शाळेतल्या 'इयर वन' या इयत्तेच्या मुलांची फोनिक्सची तपासणीच घेतात, त्यात मुद्दाम अर्थ नसलेले शब्द पण देतात, म्हणजे पोरगं पाठ करून वाचतंय का आवाज जोडून ते कळतं. तेव्हा फॅशन म्हणता येणार नाही.

अपवादांचं म्हणाल तर तुमचा राग मला कळतो. इंग्लंडमध्ये कॅक्स्टननं १४७६ ला छापखाना काढला, तेव्हापासून स्पेलिंग हळूहळू घट्ट होत गेलं, आणि लोकांचे उच्चार मात्र त्या काळात आणि पुढंही बदलत राहिले. योद्धा म्हणजे नाइट, त्यातला के पूर्वी खरंच म्हणायचे, आता नुसता लिहायला उरलाय. आपल्याकडं ज्ञ लिहितो आणि द्न्य म्हणतो, तसंच थोडं. म्हणून नियमानं बरेच शब्द सुटतात, आणि वॉज, सेड, वन, टू, कम, सम असे रोजचे शब्द पाठच करावे लागतात, तिथं तुमची पद्धत उपयोगी. नातीला आठवड्याला असले तीन शब्द तुम्ही पाठ करून घ्या, सेडमध्ये कुठलं अक्षर फसवतंय ते तिला लाल पेन्सिलनं गोल करायला लावा. एक नियम मात्र तिला शिकवू नका, तो जुना 'आय आधी, ई नंतर, सी सोडून' वाला. प्रोटीन, नेबर, वजनाचा वेट, सगळे त्याला मोडतात आणि पोर उगीच गोंधळतं.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, पन्हाळा तालुक्यात. माझ्या मुलांना व्ही आणि डब्ल्यू एकच वाटतात, शिप आणि शीप पण एकच ऐकू येतात, मग स्पेलिंग कसं बरोबर येणार? – एक शिक्षिका

उत्तर : ताई, मुलांचा काही दोष नाही, आपल्या मराठीत व एकच आहे. ओला वेट आणि जनावरांचा डॉक्टर व्हेट आपल्या कानाला अगदी सारखेच वाटतात. तोंडानं दाखवायला लागतं. व्हीला वरचे दात खालच्या ओठावर आणि आवाज घुमला पाहिजे, डब्ल्यूला ओठ गोल, दात कुठं लागत नाहीत. वर्गात एक छोटा आरसा फिरवा, पोरं हसतील, हसू द्या. शिप-शीपला रबरबँड घ्या, शीप म्हणताना ताणायचा, शिपला तसाच ठेवायचा. आपण ऱ्हस्व-दीर्घ लिहितो पण बोलताना फरक फारसा करत नाही, म्हणून कान सवयीचा नसतो, दोनतीन आठवडे फक्त ऐकून हात वर करायचा खेळ घ्या, लिहायची घाई नको. शब्दाच्या शेवटचे नियम तुमच्या पोरांना पटकन येतील, म्हणजे ए-आय मध्ये आणि ए-वाय शेवटी, रेन आणि डे. ओ-आय मध्ये आणि ओ-वाय शेवटी, कॉइन आणि बॉय. कारण इंग्रजी शब्दाच्या शेवटी आय सहसा बसत नाही, वाय त्याची जागा घेतो. डबल करायचे नियम, हॉपिंग-होपिंग, आणि बेबीचं बेबीज करताना वायचा आय, हे तिसरी-चौथीला ठेवा.

प्रश्न : मुलगी दुसरीत, बी आणि डी उलटे काढते. काही प्रॉब्लेम तर नाही ना? – शाहूपुरी

उत्तर : सात वर्षापर्यंत बऱ्याच मुलांचं होतं. डावी-उजवी बाजू बदलली तरी कप कपच राहतो, खुर्ची खुर्चीच राहते, अक्षराचं तसं नसतं हे मेंदूला शिकायला वेळ लागतो. दोन्ही मुठी समोरासमोर धरून अंगठे वर करायला सांगा, डावी मूठ बी आणि उजवी डी, मधे बेड तयार होतो. एका दिवशी फक्त बी घ्या, दोन्ही एकदम नको. तिसरीत गेल्यावरही तसंच राहिलं, आणि मराठी वाचतानाही अक्षरं जोडायला अडखळत असेल, किंवा घरात आईबाबांपैकी कुणाला लहानपणी असाच त्रास होता, तर आधी डोळे आणि कान तपासून घ्या आणि मग मुलांच्या डॉक्टरांना लर्निंग डिसॅबिलिटीची (वाचायला-लिहायला शिकताना येणाऱ्या अडचणीची) तपासणी कुठं होते ते विचारा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ही अडचण धरलेली आहे, सर्टिफिकेट मिळालं तर परीक्षेत सवलती मागता येतात. बुद्धीशी याचा संबंध नसतो, हे तिच्यासमोर घरातल्या सगळ्यांना सांगा, आजीला आधी.